'कविता'ची 'कीवता' का होते?

पालकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे वाचनात मागे पडणाऱ्या मुलांविषयी आहेत. तिन्ही गोव्यातली : एक सत्तरी तालुक्यातून, एक पेडण्यातून आणि एक काणकोणहून आले आहे. पत्रलेखकांची आणि मुलांची नावे मी देत नाही. सत्तरीच्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्या आईने सहसा कोणी करत नाही अशी एक गोष्ट केली आहे. मुलगा वाचताना नेमके काय चुकतो, ते तिने उदाहरणांसह लिहून पाठवले आहे. अशा मुलाला मदत करू पाहणाऱ्याला याहून उपयोगी माहिती दुसरी नसते.

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेआठ वर्षांचा असून गावातील मराठी प्राथमिक शाळेत तिसरीत आहे. घरी आम्ही कोंकणी बोलतो. मुलगा एरवी चलाख आहे. चतुर्थीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, बांधायच्या वस्तू आणायला तो वडिलांबरोबर रानात जातो आणि कोणते फळ कोणत्या झाडाचे ते बिनचूक सांगतो. आरत्या त्याला तोंडपाठ आहेत, घुमट हे मातीचे वाद्यही चांगले वाजवतो. पुस्तक उघडले की मात्र त्याचा चेहरा उतरतो. बाराखडी तो न अडखळता म्हणतो, पण मधलेच एखादे अक्षर विचारले की पहिल्यापासून म्हणत तिथपर्यंत येतो. 'घर'ला 'धर' म्हणतो, 'कविता'ला 'कीवता', 'सूर्य'ला 'सूयर'. शेजारी चित्र असले तर 'पाणी' लिहिले असताना 'उदक' म्हणून मोकळा होतो. जुना धडा मात्र धडाधड वाचतो. मी रोज संध्याकाळी त्याला दीड तास घेऊन बसते आणि शेवटी आम्ही दोघेही रडतो. सासूबाई म्हणतात, मोबाइलमुळे झाले. यजमान म्हणतात, मीही चौथीपर्यंत असाच होतो. घरात कोंकणी बोलणे बंद करावे का? शाळा बदलावी का? हा डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन न जमण्याची अडचण) आहे का?

उत्तर : सर्वांत आधी, संध्याकाळचा तो दीड तास उद्यापासून बंद करा. जे काम शाळेत दिवसभर जमले नाही, तेच घरी आल्यावर थकलेल्या मुलाकडून रागाच्या आणि रडण्याच्या वातावरणात करून घेतले, तर त्याच्या मनात पुस्तक आणि दुःख यांची जोडी पक्की होते, आणि ती सोडवायला पुढे वर्षे लागतात. त्याऐवजी रोज वीस मिनिटे द्या, पण ती रविवारी किंवा जत्रेच्या दिवशीही चुकवू नका. अशा मुलांना एका दमात खूप दिलेले टिकत नाही, थोडे थोडे पण रोज दिलेले टिकते.

मूल बोलायला आपोआप शिकते. घरात चार माणसे बोलत असली की ते दोन-तीन वर्षांत बोलू लागते, त्यासाठी कोणी पाटी-पेन्सिल घेऊन बसत नाही. वाचनाचे तसे नाही. लिपी ही माणसाने पाचएक हजार वर्षांपूर्वी शोधून काढलेली युक्ती आहे आणि डोळ्यांना दिसणारी खूण व कानांना ऐकू येणारा आवाज यांची गाठ प्रत्येक मुलाला नव्याने बांधावी लागते. काही मुलांची ही गाठ एखादे अक्षर पाच-सात वेळा पाहिले की बसते, काहींना तेच अक्षर शंभर वेळा पाहावे लागते. या फरकाचा बुद्धीशी संबंध नाही, आळसाशी तर नाहीच. तुमचा मुलगा रानातील फळे ओळखतो आणि आरत्या लक्षात ठेवतो, म्हणजे त्याचे निरीक्षण आणि त्याची स्मरणशक्ती दोन्ही उत्तम आहेत. अडचण फक्त त्या गाठीपाशी आहे.

आता तुम्ही लिहिलेल्या चुका एकेक करून पाहू, कारण त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत आणि त्यांच्यावरचा उपायही एक नाही.

'घर'चे 'धर' होते, ते दोन्ही अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात म्हणून. फरक डोक्यावरच्या रेघेत आहे. 'घ'ची शिरोरेघ अखंड असते, 'ध'ची डावीकडे तुटलेली असते. गंमत अशी की 'म' आणि 'भ' यांच्यात आणि 'य' आणि 'थ' यांच्यातही हाच फरक आहे. म्हणजे 'डोक्यावरची रेघ कुठे तुटली आहे ते आधी बघ' ही एकच सवय मुलाला लावली, तर तीन जोड्यांमधला घोळ एकदम कमी होतो. मात्र 'घ' आणि 'ध' शेजारी शेजारी लिहून 'बघ, हा वेगळा आणि तो वेगळा' असे एकाच दिवशी शिकवू नका, त्याने गोंधळ वाढतो. आधी 'घर', 'घागर', 'घुमट' या शब्दांतून 'घ' पक्का होऊ द्या. घुमट तर त्याच्या हातातलेच आहे, त्याच्या कातड्यावर बोटाने 'घ' काढायला सांगा. दोन आठवड्यांनी 'ध' घ्या.

'कविता'ची 'कीवता' ही चूक फार बोलकी आहे. ऱ्हस्व वेलांटीचा दांडा अक्षराच्या आधी लिहिला जातो आणि उच्चारला मात्र नंतर जातो. 'कविता' या शब्दात तो दांडा 'क' आणि 'व' यांच्या मध्ये उभा आहे. डावीकडून उजवीकडे वाचत जाणाऱ्या मुलाला 'क'नंतर लगेच वेलांटी भेटते, म्हणून तो ती प्रामाणिकपणे 'क'ला लावतो आणि 'की' म्हणतो. त्याने अंदाज केलेला नाही, नियम पाळला आहे, फक्त तो नियम इथे चालत नाही. त्याला हे शब्दांत समजावत बसू नका. पुठ्ठ्याच्या तीन तुकड्यांवर 'क', 'वि' आणि 'ता' असे लिहा, तुकडे विस्कटून द्या आणि त्याच्या हातांनी ते परत लावून घ्या. वेलांटी 'व'च्या तुकड्यावर आहे हे हाताला कळले की डोळ्यालाही कळू लागते. पुस्तकातही काही दिवस अशी वेलांटी आणि तिचे अक्षर मिळून लाल पेन्सिलीने एक घर आखून द्यावे.

'सूर्य'चा 'सूयर' झाला, त्याची काळजी सध्या करू नका. रफार वाचला जातो आधी आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. तिसरीतल्या निम्म्या मुलांना तरी तो चकवतो असा माझा अनुभव आहे. जोडाक्षरे आणि रफार यांना वर्षभराने हात घातला तरी चालेल.

आणि 'पाणी'च्या जागी 'उदक' म्हणतो, ही चूक वाचून मला खरे तर बरे वाटले. त्याला वाचनातून अर्थ काढायचा असतो हे कळलेले आहे. फक्त तो अर्थ अक्षरांतून न काढता चित्रातून काढतो. पानावरचे चित्र पोस्टकार्डाने झाकून ठेवा, शब्द वाचून झाला की झाकण काढा आणि बरोबर आले का ते त्यालाच ताडून पाहू द्या. चित्र आधी पाहिले तर वाचायची गरजच उरत नाही. ते मागून पाहिले की बक्षीस होते.

बाराखडी म्हणता येते पण मधले अक्षर ओळखता येत नाही, याचा अर्थ ती त्याच्यासाठी आरतीसारखी आहे. चालीत बसलेली आहे, पण एकेक सुटी करून घेतलेली नाही. आपल्याकडे बाराखडीच्या घोकंपट्टीवर फार भिस्त ठेवली जाते आणि मला ती नेहमी खटकत आली आहे. चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बारा रूपे धरली तर चारशेहून अधिक आकृती होतात, जोडाक्षरे वेगळीच. एवढ्या आकृती पाठ करून कोणीही वाचायला शिकत नाही. मूल शिकते ते 'का, मा, ना, सा' यांत काना एकच काम करतो हे लक्षात आल्यावर. म्हणून बाराखडी आडवी न घेता उभी घ्या. एक आठवडा फक्त काना, वेगवेगळ्या अक्षरांना लावून. तो पक्का झाला की दुसरी वेलांटी घ्या, कारण ती अक्षराच्या नंतर येते आणि सोपी जाते. पहिली वेलांटी त्यानंतर घ्यावी.

जुना धडा तो धडाधड वाचतो असे तुम्ही लिहिले आहे. मला एक मुलगा आठवतो, तो असाच सुरेख 'वाचत' असे, आवाजाचे चढउतारसुद्धा नेमके जागच्या जागी. एकदा मी त्याच्या बोटाकडे पाहिले. तोंड चौथ्या ओळीवर होते आणि बोट अजून दुसऱ्या ओळीवर रेंगाळत होते. मी माझा तळहात पानावर ठेवला. तो थांबला नाही. परिच्छेद संपेपर्यंत माझ्या हाताच्या पाठीवर नजर लावून तो पुढे म्हणत राहिला आणि मग एकदम गप्प झाला, कारण आपण पकडले गेलो हे त्याला कळले होते. त्या वेळी मी त्याला इतकेच म्हणाले की एवढे सगळे ऐकून पाठ ठेवणे मला स्वतःला जमले नसते. तुम्हीही तुमच्या मुलाला हेच सांगा. पाठांतर ही त्याची लबाडी नाही, अडचणीतून त्याने काढलेली वाट आहे. मात्र सरावासाठी पाठ झालेला मजकूर घेऊ नका, त्याच अक्षरांची नवी वाक्ये तुम्ही स्वतः लिहून द्या.

कोंकणी बोलणे बंद करण्याचा विचार पूर्ण सोडून द्या. घरातली भाषा हे मुलाचे भांडवल आहे. मराठी शाळेत गेलेल्या गोव्यातील किती तरी पिढ्या घरी कोंकणी बोलतच मराठी वाचायला शिकल्या. आपल्याला तर एक मोठी सोय आहे, ती म्हणजे दोन्ही भाषा देवनागरीत लिहिता येतात. 'उदक' हा शब्द पाहा. त्यात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, तीन अक्षरे सरळ वाचली की झाले, आणि शब्द त्याच्या रोजच्या तोंडातला. 'पणस', 'घर', 'हळद' हेही तसेच. मराठीतल्या 'फणस'पेक्षा घरातला 'पणस' त्याला आधी वाचू द्या. आपण बोलतो तोच शब्द कागदावर बसलेला आहे, हे एकदा मुलाला दिसले की त्याचा धीर वाढतो. मराठी शब्दांची ओळख वेगळी करून द्यावी, आणि ती वाचनातून नव्हे तर ऐकण्यातून. रोज रात्री तुम्ही त्याला मराठी गोष्ट वाचून दाखवा आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ कोंकणीतच सांगा.

आता ती वीस मिनिटे कशी घालवायची ते सांगते. सुरुवातीला पाच मिनिटे पुस्तकाशिवाय, नुसता कानांचा खेळ खेळा. 'माटोळीतला मा काढला तर काय उरते?' 'टोळी!' 'माडातला म काढून तिथे झ ठेवला तर?' 'झाड.' 'आणि ह ठेवला तर?' हा खेळ कोंकणीत खेळलात तरी फायदा तोच. शब्द हा आवाजांच्या तुकड्यांचा बनलेला असतो हे कानांना कळल्याशिवाय अक्षरांना चिकटवायला काहीच नसते, आणि वाचनात अडणाऱ्या बहुतेक मुलांचे घोडे इथेच अडलेले असते. भाकरी भाजतानासुद्धा हा खेळ होऊ शकतो. त्यानंतर ओळखीच्या अक्षरांच्या आठ-दहा पट्ट्या विस्कटून दाखवा. त्यांत नवे अक्षर एकच असावे. मग त्या अक्षरांचे शब्द तो वाचेल आणि दोन-तीन शब्द तुम्ही सांगाल तसे लिहीलही, कारण लिहिताना प्रत्येक आवाज वेगळा करावाच लागतो. शेवटची पाच मिनिटे दोघांनी मिळून वाचा. तुमचे बोट शब्दाखाली, तुमचा आवाज किंचित पुढे, त्याचा मागून. तो अडला तर तीन मोजेपर्यंत थांबा आणि मग शब्द सांगून टाका. 'काल तर आला होता!' हे वाक्य घरातून हद्दपार करा.

चतुर्थी जवळ आली की माटोळीतल्या प्रत्येक वस्तूला नावाची चिठ्ठी लावायचे काम त्याच्याकडे सोपवा. नारळ, सुपारी, कांगलां, माट्टी. नावे त्याला ठाऊक आहेत, फक्त अक्षरे शोधायची आहेत. घरी येणाऱ्या पाहुण्यांनी त्या चिठ्ठ्या वाचल्या की आपल्या लिहिण्याचा कोणाला तरी उपयोग झाला, हे त्याला दिसेल.

हा डिस्लेक्सिया आहे का, याचे उत्तर पत्रावरून देता येत नाही आणि देऊही नये. आधी नजर आणि कान तपासून घ्या. लहानपणी कान फुटण्याचा किंवा वारंवार सर्दीने कान बंद होण्याचा त्रास झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यानंतर चार-सहा महिने नेमाने मदत करून पाहा. एवढ्यानेही फारसा फरक पडला नाही तर रीतसर चाचणी करून घ्यावी, आणि तुमच्या मुलाचे वय त्यासाठी योग्य आहे, कारण हे निदान साधारण आठव्या वर्षाच्या पुढेच खात्रीने करता येते. यजमान 'मीही असाच होतो' म्हणतात, ते हसण्यावारी नेऊ नका. ही अडचण घराण्यात चालत येते, तेव्हा ही माहिती चाचणी घेणाऱ्याच्या कामाची आहे. म्हापसा किंवा मडगाव येथील जिल्हा रुग्णालयात अथवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवून सुरुवात करता येते. ते पुढे चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवतात. 'बांबोळीला मानसशास्त्रज्ञाकडे नेले' असे कोणी कुजबुजेल म्हणून मागे हटू नका. वाचन, लेखन, ऐकण्याची स्मृती आणि एकूण बुद्धी यांची ती चाचणी असते, तिच्यात सुई नाही आणि औषधही नाही.

हे काही नवे दुखणे नव्हे, आणि मोबाइलचे तर नाहीच, एवढे सासूबाईंना जरूर सांगा. डिस्लेक्सिया हा शब्द 1887 मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने वापरात आणला. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो हुशार होता, खेळात मागे नव्हता, पण साधे शब्द वाचता येत नव्हते, आणि सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याचे मास्तर म्हणत. आपल्या देशात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' मान्य केलेली आहे, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. अशी मुले लवकर ओळखून त्यांना योग्य पद्धतीने शिकवणे ही शाळेची जबाबदारी आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांसारख्या सवलतींची तरतूदही त्यात आहे. निदान झालेच तर तो शिक्का समजू नका, मुलाच्या हक्काचा कागद समजा. शाळा बदलण्याची घाई नको. हे पत्र घेऊन आधी वर्गशिक्षकांना भेटा आणि चुकांची तुमची यादी त्यांना दाखवा.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझा नातू इंग्रजी माध्यमात दुसरीत आहे. 'बी'च्या जागी 'डी' लिहितो, 'वॉज' हा शब्द 'सॉ' असा उलटा वाचतो. शाळेतून सांगतात की घरात इंग्रजीच बोला आणि मराठी अक्षरे तूर्त बंद ठेवा. एका ओळखीच्या गृहस्थांनी रंगीत काचांचा खास चष्मा घ्यायला सुचवले आहे, तो बराच महाग आहे. मी निवृत्त माणूस, वेळ भरपूर आहे, पण माझे इंग्रजी बेताचे. मी काय करू शकतो?

उत्तर : चष्म्याचे पैसे वाचवा. नंबर आहे का ते नेत्रतज्ज्ञांकडून जरूर तपासून घ्या, पण रंगीत काचांनी किंवा डोळ्यांच्या व्यायामांनी वाचनाची अडचण सुटते याला भक्कम पुरावा नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी 2009 मध्ये तसे एकत्रितपणे जाहीर केले आहे. मुलाला अक्षरे उलटी 'दिसत' नसतात. चमचा डावीकडे वळवला तरी चमचाच राहतो, हे जगातल्या सगळ्या वस्तूंविषयी खरे आहे. अक्षर तेवढे उलटे केले की दुसरे होते, आणि ही विचित्र गोष्ट शिकायला वेळ लागतो. सात वर्षांपर्यंत अशी उलटापालट पुष्कळ मुले करतात. ती त्यानंतरही टिकली आणि जोडीला साधे शब्द वाचतानाही धाप लागू लागली, तर मात्र वर लिहिल्याप्रमाणे चाचणीचा विचार करावा.

इंग्रजी वाचायला अवघड आहे, हा मुलाचा दोष नाही. अक्षरे सव्वीस, आवाज चव्वेचाळीसच्या घरात, आणि 'सी' कधी 'क' तर कधी 'स'. आपल्याकडे 'चार'मधला आणि 'चाक'मधला 'च' वेगळा उच्चारला जातो असे थोडे अपवाद सोडले, तर लिहिले तसे वाचावे हा नियम बहुतेक ठिकाणी टिकतो. म्हणून मराठी बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. फक्त अडखळणाऱ्या मुलावर दोन लिप्यांचा जोरदार मारा एकाच वेळी नको. इंग्रजीचे अक्षरकाम शाळेतले शिक्षक आणि आई-वडील पाहू देत. तुमच्याकडे त्याहून मोठे काम आहे. रोज झोपण्यापूर्वी त्याला मराठीत गोष्ट वाचून दाखवा, तीही सलग नव्हे, थांबत थांबत. 'आता हा काय करील असे तुला वाटते?' असे विचारा आणि तो जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. ज्या मुलाच्या कानांवर गोष्टीतली भाषा पुष्कळ पडलेली असते, त्याला अक्षरे जमू लागल्यावर अर्थ लावायला वेळ लागत नाही, आणि भाषेची ही समज मराठीतून आली तरी इंग्रजी वाचताना कामाला येते. देवनागरी हळूहळू येऊ द्या. त्याचे नाव, तुमचे नाव, बसवरची 'पेडणे' ही पाटी, एवढे या वर्षाला पुरे. पणजीला येणे झाले तर पाटोवरील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातील मुलांचा विभाग त्याला दाखवा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या, मग ते फक्त चित्रांचे असले तरी चालेल.

घरात मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलण्याचा आग्रह मात्र धरू नका. आजोबांनी नातवाशी ज्या भाषेत पोटभर बोलता येते त्याच भाषेत बोलावे.

प्रश्न : मी काणकोण तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. चार इयत्ता एकाच खोलीत बसतात. चौथीतली एक मुलगी प्रकट वाचनात आपली पाळी आली की पोटात दुखते म्हणते. बाकीची मुले हसतात. तिच्या आई-वडिलांना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे घरून मदत मिळत नाही. मला तिच्यासाठी वेगळा वेळ काढणे जवळजवळ अशक्य आहे.

उत्तर : तिचे पोट खरेच दुखत असेल, यावर कृपया विश्वास ठेवा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका मुलाला वाचता येईपर्यंत उभे केले होते. वर्गासमोर उभे राहिले की लाज वाटून तरी घरी सराव करील, अशी माझी समजूत होती. तो मुलगा मधल्या सुट्टीनंतर शाळेत येऊ लागला. आई कामाला जाते, उशीर होतो, असे तो सांगे. मराठीचा तास सुट्टीच्या आधी असतो आणि तो नेमका तेवढाच चुकवतो, हे माझ्या ध्यानात यायला महिना लागला. त्या महिन्याचे मला आजही वाईट वाटते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. कायदा नसता तरी अशाने वाचन येत नाही हे मी त्या मुलाकडून शिकले.

पाळीने वाचन घेणे तुम्ही सर्वांसाठीच बंद करा, म्हणजे ती एकटी वेगळी पडणार नाही. त्याऐवजी जोडीने वाचू द्या. तिच्या जोडीला वर्गातली सर्वांत हुशार मुलगी देऊ नका, सर्वांत शांत मुलगी द्या. कधी सर्वांसमोर वाचायचेच असेल तर कोणत्या तीन ओळी वाचायच्या ते तिला आदल्या दिवशी सांगा. परिसर अभ्यासाचा धडा तिला वाचता आला नाही म्हणून समजला नाही असे धरू नका, तो तोंडी विचारा. चार इयत्ता एका खोलीत असण्याचा एक फायदाही घेता येईल. पहिलीच्या मुलांना सोपी गोष्ट वाचून दाखवण्याचे काम तिला द्या. पहिलीचे पुस्तक हातात घेण्याची तिला लाज वाटणार नाही, कारण ते आता लहानांसाठी असेल, आणि तिला हवा असलेला सराव नेमका त्याच पातळीचा आहे.

घरून मदत नाही, हे मात्र मला पटत नाही. तिच्या आईला फुगडीची किंवा धालोची गाणी येत असतील. एखाद्या गाण्याच्या चार ओळी मुलीने आईकडून ऐकून याव्यात, तुमच्यासमोर म्हणाव्यात आणि तिच्या तोंडून निघेल तसे, कोंकणी असेल तर कोंकणीतच, तुम्ही मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून द्यावे. शब्द तिला ठाऊक आहेत, चाल ठाऊक आहे, आता बोट ठेवून कोणता शब्द कुठे बसला आहे ते तिने शोधायचे आहे. मग ओळींच्या पट्ट्या कापा, पट्ट्यांचे शब्द कापा आणि तिला ते परत जुळवू द्या. जुळवलेले गाणे तिने घरी नेऊन आईला वाचून दाखवावे. आईला अक्षरे येत नसली तरी आपले गाणे बरोबर वाचले का, हे तिला नक्की कळेल. या सगळ्याला तुमची दिवसाकाठी सात-आठ मिनिटे जातील. पहिल्या दिवशी दोनच ओळी घ्या.